बाळला कळत होतं

बाळ चाळिशीला टेकला होता. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागायची, दाढीत पांढरे केस डोकावू लागले होते, तरी घरीदारी सगळ्यांचा तो बाळच. लाँड्रीतली कालची पोरंसुद्धा त्याला 'ए बाळ' अशी हाक मारत आणि तो निमूटपणे 'ओ' देई. त्याच्या बहिणीला मात्र सगळे ताई म्हणत, कारण बाळ तिला ताई म्हणायचा.

लाँड्री मोठी होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे ढिगानं येत, धुऊन, वाळवून, घड्या घालून परत जात. आत शिरलं की वाफेनं अंग ओलसर व्हायचं आणि ब्लीचच्या वासानं डोळे चुरचुरायचे. ताई खिडकीजवळच्या शिलाई मशीनवर बसायची. फाटलेल्या चादरी, उसवलेल्या कडा तिच्याकडे येत. बाळ समोरच्या लांब टेबलाशी उभा राहून टॉवेलांच्या घड्या घालायचा. ताईनंच मालकांच्या मागे लागून त्याला तिथं लावला होता. मान वर केली की तो दिसायचा, आणि तिचा जीव भांड्यात पडायचा.

बाळ लहान असताना एका डॉक्टरांनी आईला ऑटिझम हा शब्द सांगितला होता. आईला तो शब्द नीट उच्चारता यायचा नाही आणि आवडायचा तर मुळीच नाही. तिनं त्याचं आपल्यापुरतं सोपं करून टाकलं, 'त्याला कळत नाही.' पुढं सगळं आयुष्य तिनं त्या एका वाक्यावर रेटलं. जिन्यात शेजारच्या मुलीची वेणी ओढली? त्याला कळत नाही. न विचारता कुणाच्या घरात शिरून पंख्याखाली बसला? कळत नाही हो त्याला. ताईच्या नव्या फ्रॉकची झालर त्यानं कात्रीनं कापली तेव्हा ताई रडत आली, तर आई तिलाच म्हणाली, "तू मोठी आहेस ना? मग सोड की. त्याला काय कळतंय!" वर बाळला पुढं करून 'सॉरी' म्हणायला लावलं. तो भिंतीकडे बघत 'सॉरी' म्हणाला, आईनं "झालं, संपलं!" म्हणून टाळी वाजवली आणि खरोखरच संपलं. ताईला तेवढी झालर पुन्हा शिवायला लागली.

तसं त्याच्यावर रागवायचं तरी कसं? खोटं बोलणं त्याच्या रक्तातच नव्हतं. आलेल्या पाहुण्यांना तो सरळ विचारायचा, "तुम्ही कधी जाणार?" मालकांनी टकलावर टोप लावायला सुरुवात केली, तेव्हा सगळी लाँड्री मूग गिळून बसली होती. बाळ त्यांच्याकडे टक लावून बघत म्हणाला, "हे केस तुमचे नाहीत." मालक आधी लाल झाले, मग स्वतःच खो खो हसले. लाँड्रीची गाडी चालवणारा एक ड्रायव्हर मात्र हसला नव्हता. त्याचं आणि ताईचं जमत आलं होतं. एकदा तो घरी चहाला आला तर बाळनं विचारलं, "तुम्ही ताईला नेल्यावर मी कुठं झोपायचं? तुमच्या खोलीत?" ड्रायव्हर कपातला चहा तसाच ठेवून गेला. ताईनं त्याचंही वाईट वाटून घेतलं नाही, निदान दाखवलं तरी नाही. 'असू दे' म्हणायची सवय तिच्या हाडीमाशी खिळली होती.

आई गेली तेव्हा शेवटपर्यंत एकच बोलत होती, "त्याला सांभाळ. त्याला कळत नाही." ताईनं ते वाक्य आईच्या हातातून आपल्या हातात घेतलं आणि वापरायला सुरुवात केली.

मग लाँड्रीत नवी इस्त्रीवाली आली. तिशीची असेल. कामाला वाघीण, बोलायला कमी. वाफेच्या प्रेससमोर उभी राहायची. केस लांबसडक होते, ते ती वर गुंडाळून बांधायची, पण वाफेनं मोकळे होऊन पाठीवर यायचे. बाळ घड्या घालता घालता तिच्याकडे बघत राहायचा. ताईला ते दिसत होतं. बघतोय तर बघू दे, असं म्हणून ती सुई ओवायची.

एके दिवशी धुतलेल्या टॉवेलांची गाडी ढकलत जाताना तो थांबला आणि इस्त्रीवालीच्या केसांवरून त्यानं हात फिरवला. सावकाश, वरपासून खालपर्यंत. ती दचकून मागं सरली. सगळे बघत होते. ताई मशीनवरून उठली आणि हसत हसत म्हणाली, "अगं, मनावर घेऊ नकोस. तो तसाच आहे. त्याला कळत नाही."

इस्त्रीवालीनं ताईकडे पाहिलं, मग बाळकडे. ती हसली नाही. बाळच्या समोर उभी राहून एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मला हात लावायचा नाही. केसांना नाही आणि कुठंच नाही. कळलं?"

"बरं," बाळ म्हणाला आणि गाडी ढकलत निघून गेला.

ताईला त्या बाईचा थोडा रागच आला. एवढं काय तोडून बोलायचं? लहान मुलाला सांगावं तसं गोडीत सांगायचं. संध्याकाळी घरी जाताना ती बाळला त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. बाळ शहाणा नाही असं घरानं आधीच ठरवून टाकलं होतं, म्हणून शब्दाचा मार त्याच्या वाट्याला कधी आलाच नाही.

त्यानंतरचे काही दिवस शांततेत गेले. मग एका दुपारी, सगळे डबे खायला मागच्या अंगणात बसलेले असताना, कपड्यांच्या कोठीतून किंकाळी आली. कोठी म्हणजे छतापर्यंत फळ्या लावलेली अरुंद खोली, तयार चादरी तिथं रचलेल्या असत. ताई धावत गेली तर दार आतून लावलेलं. लाँड्रीच्या गाडीवरच्या दोघांनी खांद्यानं धक्के देऊन दार उघडलं. इस्त्रीवाली फळीच्या कोपऱ्याशी पडली होती. हनुवटी फुटून गळ्यापर्यंत रक्त आलं होतं, एका हाताचं मनगट तिनं छातीशी धरलं होतं. केस सगळे सुटलेले. बाळ भिंतीला पाठ लावून दोन्ही हातांनी कान झाकून उभा होता, तिच्या किंकाळीच्या त्रासानं.

तो तिच्या पाठोपाठ आत गेला होता, कडी लावली होती आणि तिला मागून घट्ट मिठी मारून तिच्या केसांत तोंड खुपसलं होतं. सुटायला धडपडताना ती फळीवर आदळली.

मालकांनी तिला स्वतःच्या मोटारीतून दवाखान्यात नेलं. परत आल्यावर तिला ऑफिसात बसवलं, पाणी दिलं. ताई दाराशी उभी होती. 

"हे बघ बाई," मालक समजुतीच्या सुरात म्हणाले, "झालं ते वाईटच झालं. औषधपाण्याचं मी बघतो. पण माणूस कसा आहे ते तू जाणतेसच. त्याचा तो आजार. त्याला काय बोलणार आपण? असा आहे तो."

"असा म्हणजे कसा?" हनुवटीवर पट्टी होती, त्यामुळे तिचं बोलणं दातांतल्या दातांत येत होतं. "मी त्याला सांगितलं होतं. तुमच्या सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तो 'बरं' म्हणाला होता. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय." मग ती ताईकडे वळली. "ह्यांनीपण ऐकलंय."

ताईच्या तोंडावर नेहमीचं वाक्य आलं होतं. ते तिनं गिळलं, कारण ती बाई रडत नव्हती, ओरडत नव्हती, फक्त उत्तराची वाट बघत होती.

घरी आल्यावर ताईनं बाळला खुर्चीवर बसवलं. असं समोरासमोर बसून त्याला काही विचारण्याची ही तिची पहिलीच वेळ. मनात ती नवस बोलल्यासारखी एकच उत्तर मागत होती, की त्यानं म्हणावं, मला कळलं नाही.

"तिनं तुला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. आठवतं?"

"हो."

"मग विसरलास का?"

"नाही."

"केसांसाठी गेलास ना तू? नुसत्या केसांसाठी?"

बाळनं विचार केला. विचार करताना तो अंगठ्याचं नख दुसऱ्या नखावर घासायचा. "केस. आणि ती. दोन्ही."

"दार कुणी लावलं?"

"मी लावलं."

"का?"

"उघडं असतं तर तू बघितलं असतंस."

ताई उठली, मोरीपाशी गेली, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिली. इतकी वर्षं ती एका न कळणाऱ्या माणसाला सांभाळत होती. त्याच्यासाठी शरम पचवली, ड्रायव्हर जाऊ दिला, चारचौघांत नको तिथं हसली. आणि तो माणूस खुर्चीत बसून सांगत होता की त्याला सगळं नाही तरी पुरेसं कळत होतं. कडी लावण्याइतकं कळत होतं. तिला वाटलं, आपण आज भावाला पहिल्यांदा भेटलो, आणि तो आपल्याला आवडला नाही.

"मी सॉरी म्हणून येऊ?" बाहेरून बाळनं विचारलं. "तिचं घर मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"मी मागून गेलो होतो. परवा."

ताईनं नळ बंद केला.

इस्त्रीवालीनं पोलिसांत तक्रार केली. दुसऱ्या दिवशी मावशी सकाळीच येऊन ठेपली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, तोंडानं फटकळ, पण आईच्या मागं ह्या दोघांना तीच एक हक्काची. "घाबरू नकोस," ती म्हणाली. "तो लहानपणीचा डॉक्टर नसेल तर दुसरा बघू. चौकीत एवढंच सांगायचं, त्याला कळत नाही. तू सांग, तो गप्प बसेल. अशा माणसाला कोण शिक्षा करतंय?"

"मावशी, त्याला कळत होतं."

"हळू बोल! भिंतींना कान असतात."

चौकीत साहेबांनी बाळकडे पाहिलं, तो वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत होता. मग त्यांनी ताईला विचारलं, "ह्याला समजतं का, काय केलं ते?" सगळे जसे तिला विचारत तसंच त्यांनीही विचारलं, जणू बाळ तिथं नव्हताच. मावशीनं टेबलाखालून ताईचा हात दाबला. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. ते वाक्य आयतं तयार होतं, पिढीजात होतं.

"त्यालाच विचारा," ताई म्हणाली.

साहेबांनी भुवया वर केल्या. पण विचारलं.

"समजतं," बाळ म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा सपाट आणि जरा मोठा होता. "तिनं हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं. मी बरं म्हटलं होतं. मग मी लावला. दार मी लावलं होतं. ती पडली. तिला लागलं."

मावशीनं हात सोडून दिला.

त्याला आत ठेवलं, तेव्हा तो ताईकडे वळून म्हणाला, "सांगितलं ना मी? आता घरी."  जामिनावर सुटून आला तेव्हा त्याच्या कपाळावर टेंगूळ होतं आणि एक कान सुजला होता. कपाळ त्यानं स्वतःच भिंतीवर आपटून घेतलं होतं, आतल्या गोंगाटानं आणि रात्रंदिवस जळणाऱ्या दिव्यानं. कान दुसऱ्या कुणीतरी सुजवला होता. कितीतरी दिवस तो बोललाच नाही. ताई त्याच्या कानाला शेक द्यायला गेली की तो तिचा हात बाजूला करायचा.

"आईनं जन्मभर जपलं," मावशी दारातूनच म्हणाली, "आणि तू एका शब्दात विकलंस त्याला. आता बघ त्याच्याकडे." त्यानंतर ती यायची बंद झाली.

ताई बघतच होती. आपण बरोबर केलं असं तिला एकदाही वाटलं नाही. चुकीचं केलं असं रोज वाटायचं. पण पुन्हा तो प्रसंग मनात मांडून, मावशीनं शिकवलेलं बोलून बघायची, तर समोर ती पट्टी लावलेली हनुवटी यायची आणि वाक्य अर्ध्यावर तुटायचं.

कोर्टानं सगळं ऐकून घेतलं. बाळला तुरुंगात पाठवलं नाही. इस्त्रीवालीच्या जवळपास फिरकायचं नाही, एकट्यानं कुठं जायचं नाही आणि नेमानं एका समुपदेशक बाईंकडे जायचं, असं ठरवून दिलं. मालकांनी बाळला काढलं होतंच. ताईला कुणी काढलं नव्हतं, पण बाळला घरी एकटं ठेवून जाणार कशी? तिनं मशीन घरी आणलं आणि शेजारपाजाऱ्यांच्या पडद्या-पायजम्यांवर भागवू लागली. इस्त्रीवाली परत कामावर आलीच नाही. मनगट जुळलं, पण ती त्या कोठीत पाऊल टाकायला तयार होईना. म्हणजे जिनं काही केलं नव्हतं तिचंही काम गेलं.

समुपदेशक बाई वयानं ताईएवढ्याच, केस बारीक कापलेले, बोलणं रोखठोक. पहिल्याच भेटीत ताईनं जुन्या सवयीनं सुरुवात केली, "त्याच्या ऑटिझममुळे..."

"थांबा," त्या म्हणाल्या. "ऑटिझममुळे त्यांना इशारे उशिरा कळत असतील. कुणी तोंड फिरवलं, कुणी आखडून उभं राहिलं, तर ते सुटत असेल नजरेतून. पण त्या बाईंनी इशारा नव्हता दिला. सरळ वाक्यात सांगितलं होतं. माझ्याकडे ऑटिझम असलेली कितीतरी माणसं येतात. ती कुणाच्या मागं कोठीत जात नाहीत. त्यांच्या माथी हे मारू नका." मग त्या बाळकडे वळल्या. "तुम्ही केलंत. बरोबर?"

बाळनं चमकून पाहिलं. त्याला आजवर कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. "बरोबर," तो म्हणाला.

"चूक होती?"

"चूक होती. मला सॉरी म्हणायला जायचंय. ताई नेत नाही."

"तुम्हाला का जायचंय?"

"सॉरी म्हटलं की संपतं."

"कुणाचं संपतं?"

बाळ नखं घासू लागला. बाईंनी त्याला घाई केली नाही. शेवटी तो म्हणाला, "माझं."

"आणि त्यांचं?"

 घरी येताना जिन्यात तो मध्येच थांबला आणि वळला. "हे मला आधी कुणी का नाही सांगितलं? सॉरी म्हटलं की संपतं, असं सांगितलं होतं. खोटं सांगितलं."

ताई वरच्या पायरीवर होती. आईचा कैवार घ्यावा असं तिच्या मनात आलं, तरी तिनं तो घेतला नाही. "हो," ती म्हणाली. "खोटं सांगितलं."

"तू पण."

"हो. मी पण."

"पण दार मी लावलं," तो म्हणाला, आणि पुढं होऊन जिना चढू लागला.

शिकायला त्याला वेळ लागला, आणि शिकला तो त्याच्या पद्धतीनं, म्हणजे टोकाला जाऊन. रस्त्यानं समोरून बाई येताना दिसली की तो फुटपाथ सोडून थेट गाड्यांच्या रस्त्यात उतरायचा. एकदा रिकाम्या बसचं चाक त्याच्या बुटाला घासून गेलं. समुपदेशक बाईंनी मग त्याला नुसतं बाजूनं कसं जायचं ते चालून दाखवलं. घरी तो ताईलासुद्धा विचारू लागला, "तुझ्या हातातली पिशवी घेऊ? हात लागेल." चाळिशीचा भाऊ बहिणीच्या बोटांना आपला हात लागू नये म्हणून पिशवीचा बंद चिमटीत धरायचा, तेव्हा ताईला गलबलून यायचं. पण ती त्याला 'असू दे रे' म्हणाली नाही. ते दोन शब्द तिनं आयुष्यातून काढून टाकले होते.

पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी दोघं बाजारातून परत येत होती. चौकातल्या बस स्टॉपवर गर्दी होती. बाळ चालता चालता खांबासारखा उभा राहिला. ताईनं त्याच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे, स्टॉपच्या टोकाला इस्त्रीवाली उभी होती. ताईनं आधी ओळखलंच नाही, कारण तिनं केस कापले होते, अगदी मानेपर्यंत.

 बाळचा हात धरावा का? ओरडावं का? ती काही करायच्या आत बाळनं पाठ फिरवली आणि आल्या वाटेनं परत चालू लागला. भराभर, पिशवी छातीशी धरून.

पण तोपर्यंत इस्त्रीवालीनं त्याला पाहिलं होतं. एवढ्या लांबूनही ताईला तिचा चेहरा पांढरा पडलेला दिसला. स्टॉपवर कुठलीशी बस येऊन थांबली होती. तिनं पाटीसुद्धा वाचली नाही, माणसांना ढकलत आत शिरली आणि बस सुटेपर्यंत दांडा धरून मागच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिली.

ताईनं बाळला पुढच्या वळणावर गाठलं. तो एका बंद दुकानाच्या शटरकडे तोंड करून उभा होता.

"मी जवळ गेलो नाही," तो म्हणाला.

"नाही गेलास."

"हाक मारली नाही. सॉरी पण म्हटलं नाही."

"बरोबर केलंस."

"तरी ती घाबरली."

 रस्त्यावरून माणसं कामावरून घरी चालली होती, कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

"ती बस तिच्या घराकडे जात नाही," बाळ म्हणाला. मग बराच वेळ नखं घासून त्यानं विचारलं, "मी रोज बरोबर केलं, तर ती कधी घाबरायची थांबेल?"

"ते आपल्या हातात नाही."

"मग कुणाच्या?"

"माहीत नाही मला, बाळ."

त्यानं मान हलवली. पटलं म्हणून हलवली की नुसतीच, ते ताईला ओळखता आलं नाही. घराचा जवळचा रस्ता बस स्टॉपवरून जात होता. "तिकडून नको," बाळ म्हणाला आणि दोघं लांबच्या वाटेनं, मधे हातभर अंतर ठेवून, चालू लागली.